आबांच्या गालावरचा उजेड

खडकदऱ्याच्या सुंदररावांना सगळं गाव आबा म्हणायचं. पंधरा वर्षांपूर्वी ते अडीच वर्षं पंचायत समितीचे उपसभापती होते, त्यानंतर काहीच नव्हते. पण उपसभापतिपद एकदा अंगाला लागलं की ते सहजासहजी धुऊन जात नाही. लग्नपत्रिकेत नावाआधीचा 'माजी' तेवढा बारीक अक्षरात छापायचा, एवढं पथ्य गावानं पाळलं होतं.

आबांची सत्ता होती ती त्यांच्या फोनमध्ये. रोज सकाळी आठ ते अकरा ते बैठकीच्या खोलीत गादीवर बसायचे. कुणाचं रेशनकार्ड अडलेलं, कुणाची मोजणी रखडलेली. माणूस समोर बसून आपलं गाऱ्हाणं सांगायचा. आबा डोळे मिटून ऐकायचे, मान हलवायचे आणि मग म्हणायचे, "थांब. आत्ताच लावतो." तेवढं ऐकलं की समोरच्याच्या खांद्यांवरचं अर्धं ओझं उतरायचं. राहिलेलं अर्धं आबा फोनवर बोलायला लागले की उतरायचं.

आता खरी गोष्ट सांगायची तर त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणीही नसायचं.

सुरुवातीला तसं नव्हतं. उपसभापती असताना आबांनी एकदा वीज मंडळाच्या साहेबाला खरोखरच फोन केला होता आणि चौथ्या दिवशी गावात नवा डीपी बसला होता. गावानं त्यांची मिरवणूक काढली. पुढं पद गेलं, ओळखीच्या साहेबांच्या बदल्या झाल्या, नवे साहेब अनोळखी नंबर उचलेनात. एके दिवशी गावातला नाथा समोर बसला होता, त्याच्या सातबाऱ्यावर भलत्याच माणसाचं नाव चढलं होतं. आबांनी तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा रिंग वाजून वाजून बंद झाली. नाथाचा चेहरा असा काही पडला की आबांना तो बघवेना. त्या कळवळ्यातच त्यांच्या तोंडून शब्द निघून गेले, "हां साहेब, नमस्कार, सुंदरराव बोलतोय." मग पाच मिनिटं ते बंद फोनशी तावातावानं भांडले. नाथा घरी गेला तो हसतमुखानं. त्याचा सातबारा आजही तसाच आहे, पण आपल्यासाठी कुणीतरी भांडलं हे तो अजून सांगतो. माणसाला काम झाल्याइतकंच कामासाठी कुणी भांडताना ऐकून बरं वाटतं, हे आबांना त्या दिवशी कळलं. मग हळूहळू त्यांनी रिंग लावायचंही सोडून दिलं.

यात आपण कुणाला फसवतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. ते याला धीर देणं म्हणत. आणि त्यात त्यांनी मेहनतही घेतली होती. तलाठ्याशी ते मांडी घालून बोलत, तहसीलदाराशी बोलताना पाठ ताठ करत, आणि कलेक्टरचा फोन असला तर उभं राहून बोलत. मधे मधे थांबत, पलीकडचं ऐकल्यासारखं 'हं, हं' करत, "ते कारण मला सांगू नका" असं म्हणून हात उडवत. अकरा वर्षं जुना बटणांचा फोन या कामात त्यांना चांगली साथ देत होता. तो कानाला लावला की त्यातून ना उजेड, ना आवाज.

गेल्या दिवाळीला त्यांची मुलगी उज्ज्वला पुण्याहून आली आणि बापासाठी मोठ्या काचेचा नवा फोन घेऊन आली. जुना फोन तिनं पिशवीत टाकून नेला सुद्धा. आबांना नवा फोन आवडला. तो हातात धरला की माणूस आपोआप मोठा दिसत होता.

पहिलाच दिवस वाईट गेला. रस्त्याच्या खडीसाठी दोघंजण आले होते. आबांनी फोन उघडला, कानाला लावला आणि बांधकाम खात्याच्या साहेबाला धारेवर धरलं. "साहेब, तुमी काय ऑफिसात झोपा काढता का? माझ्या माणसांनी चिखलातून चालायचं किती दिवस?" नेमकं तेव्हाच आतल्या घरात फोन वाजल्याचं त्यांना ऐकू आलं, पण रंगात आलेला माणूस थांबत नाही. जेवताना त्यांच्या बायकोनं, वनमालाबाईंनी, भाकरी वाढता वाढता सांगितलं की सकाळी तुमचा फोन आला होता. मी पीठ मळत होते, डाव्या हातानं उचलला तर तुम्ही मला साहेब म्हणत होता.

आबांचा घास हातातच राहिला.

"तीस वर्षांत पहिल्यांदाच साहेब म्हणालात," वनमालाबाई म्हणाल्या. "आन् वर म्हणताय झोपा काढता का."

मग त्यांनीच समजावून सांगितलं. नव्या फोनची काच जिवंत असते. बोट लागलं काय आणि गाल लागला काय, तिला सारखंच. गालानं शेवटचा नंबर दाबला गेला आणि तो बायकोचा होता. वनमालाबाईंना नवऱ्याचे फोन कुठं जातात हे पूर्वीपासून माहीत होतं, पण त्यावर त्या कधी बोलल्या नव्हत्या. आताही एवढंच म्हणाल्या की जपा, उद्या गाल खऱ्या साहेबाला लावेल.

या वाक्यानं आबांना घाम फुटला. दोन दिवस विचार करून त्यांनी तोड काढली. फोन कानाला लावण्याआधी ते त्यातलं हिशेबाचं यंत्र उघडू लागले, बेरीज-वजाबाकीचं. आता गालानं काय दाबायचं ते दाबू दे, फार तर आकडे उमटतील. तसे ते उमटायचेही. कृषी अधिकाऱ्याशी दहा मिनिटं भांडून फोन खाली घेतला की काचेवर सात, सात, अधिक, सात, चार अशी मालगाडी उभी असायची. आबा ती अंगठ्यानं पुसून टाकायचे. तोड नामी होती आणि हिवाळाभर ती चालली.

मार्चच्या शेवटी अंजना आली.

अंजना आणि तिचा नवरा आसाराम मेंढरं राखणारी माणसं. गावाच्या वरच्या अंगाला त्यांची आठ-दहा घरांची वस्ती. आसाराम कळप घेऊन कपिलधारच्या बाजूच्या डोंगरात होता, त्याला कळप सोडून हलता येत नव्हतं, म्हणून अंजना आली. मेंढरांच्या नाकातोंडातून पाणी गळत होतं, तोंडात फोड आले होते, हगवण लागली होती. दोन मेली होती. सरकारी लस असते हे तिला माहीत होतं, पण गावातल्या जनावरांच्या दवाखान्याला दिवाळीपासून कुलूप होतं. कुलपाशेजारच्या पाटीवर एक नंबर लिहिलेला आहे, त्यावर फोन करू का, हे विचारायला ती आली होती.

आबांना हे आवडलं नाही. सामान्य माणसानं परस्पर साहेबाला फोन केला तर बैठक कशासाठी आहे? त्यांनी तिला बसवलं, चहा दिला आणि फोन कानाला लावला. चांगली आठ मिनिटं ते बोलले. शेवटी अंजनाकडं वळून म्हणाले, "चार दिवसांत गाडी येती. आन् मधी कुनी फोन करू नका. साहेब चिडतो. मग व्हनारं काम बी राहतं."

अंजनानं मान डोलावली आणि ती डोंगराकडं गेली. तिनं फोन केला नाही.

चार दिवसांनी गाडी आली नाही, अंजनाच परत आली. आणखी तीन मेंढरं गेली होती. आबा साहेबावर भयंकर चिडले. त्यांनी तिच्यासमोर पुन्हा फोन लावला आणि या वेळी दोनदा गादीवर हात आपटला. उन्हाचा कडाका वाढला होता, म्हणून वनमालाबाईंनी बैठकीच्या खिडक्यांना जाड पडदे सोडले होते. खोलीत अंधारल्यासारखं झालं होतं. अंजना खाली सतरंजीवर बसून आबांकडं एकटक बघत होती. दिवसभर चारशे मेंढरांतलं लंगडणारं एक ओळखायची सवय असलेली ती बाई. आबांच्या उजव्या गालावर निळसर पांढरा उजेड पडला होता आणि कानाच्या पाळीपासून मिशीपर्यंतचा केस न् केस दिसत होता.

"आबा," फोन खाली आल्यावर ती म्हणाली, "तुमच्या फोनचा दिवा इझत न्हाई का? मी ह्यांच्यासंगं बोलते तवा कानाला लावला की माझा काळा व्हतो."

आबा म्हणाले की हा महागाचा फोन आहे, याचा दिवा चालूच राहतो. अंजना बरं म्हणाली आणि उठून गेली.

पण उठून गेली ती गप्प बसायला नाही. दुसऱ्या दिवसापासून आबांना जाणवायला लागलं की लोक आपल्या तोंडाकडं बघत नाहीत, गालाकडं बघतात. नाथा तर वाकून बघायचा. पूर्वी ते साहेबाला झापत तेव्हा लोक एकमेकांना डोळ्यांनी खुणा करून खूष व्हायचे. आता आबा बोलायला लागले की कुणी तंबाखू मळायला घ्यायचा, कुणी चपला शोधायला लागायचा. एकदा असाच मोजणीचा फोन चालू असताना त्यांनी तो आटोपता घेतला आणि खाली ठेवला, तोच उज्ज्वलाचा फोन आला. आबा मुलीशी बोलू लागले, जावयाची तब्येत विचारली. इतक्यात त्यांच्या लक्षात आलं की खोलीतली सगळी माणसं सावरून बसली आहेत. नाथानं टोपी नीट केली होती. आबांनी डोळे वळवून गालाकडं बघायचा प्रयत्न केला, पण स्वतःचा गाल कुणाला दिसतो? भिंतीवरच्या आरशात मात्र दिसलं. गाल काळा होता, कुठं उजेडाचा ठिपका नव्हता.

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. लोकांना कळलंय, याचं दुःख होतंच. पण कळूनही कुणी तोंडावर बोललं नाही, रोज येऊन बसतात, आपलं बोलणं संपेपर्यंत थांबतात, जणू म्हाताऱ्याचा छंद आहे, चालू दे, याचं दुःख जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मांजरसुंब्यापर्यंत जीपनं आणि तिथून एसटीनं बीडला गेले. बसस्टँडसमोरच्या गल्लीत प्रविणचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. प्रविण तिशीतला मुलगा, एका डोळ्याला भिंग लावून बसलेला. आबांनी त्याला सांगितलं की फोन कानाला लावला तरी दिवा विझत नाही.

प्रविणनं त्यांच्याकडून नंबर घेतला, स्वतःच्या फोनवरून त्यांना फोन केला आणि आबांना उचलून कानाला लावायला सांगितलं. दिवा विझला. कानापासून दूर करायला सांगितलं, दिवा लागला. असं त्यानं चारदा केलं. मग त्यानं समजावलं की वरच्या बाजूला, कान टेकतो तिथं, काचेखाली एक बारीक डोळा असतो. गाल जवळ आला की त्याला कळतं आणि तो काच झोपवतो, म्हणजे गालानं काही दाबलं जात नाही. तुमचा डोळा एकदम ठणठणीत आहे.

आबा म्हणाले, "पन कधी कधी न्हाई विझत."

"कधी?"

"मी बोलत असतो तवा."

"कोणाशी बोलत असता?"

आबांनी मागं वळून बघितलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, क्लासची पोरं. प्रविण आपल्या परीनं मदत करायला बघत होता. "आबा, हा डोळा फक्त कॉल चालू असतानाच काम करतो. कॉल चालू नसला तर त्याला काय घेणं-देणं? तुम्ही नुसता फोन कानाला लावला तर तो नाही विझणार. पण नुसता फोन कशाला कोण कानाला लावेल?"

पोरांपैकी एक हसला. कदाचित तो दुसऱ्याच गोष्टीला हसला असेल. एवढ्याशा डोळ्याला खरं-खोटं कळतं आणि तो ते सगळ्या बैठकीला दाखवतो, हे काही त्यांच्या पचनी पडेना. ते म्हणाले, "असा काही इलाज कर की हा कायमचाच इझून राहील. कानाला लावला की काळा. कवाबी."

प्रविणला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांना उजेड सोसत नसेल. तसा इलाज नाही, म्हणाला, पण तुमची काच तडकलीय, ती बदलून देतो, वरून काळी पट्टी असलेली जाड काच आहे, ती भारी दिसते. आबांना एवढंच कळलं की काळं काहीतरी बसतंय. त्यांनी ती बसवून घेतली.

आता त्या काळ्या पट्टीनं काय केलं, तर तिनं त्या बारीक डोळ्यावर पदरच ओढला. डोळ्याला वाटायला लागलं की गाल कायमच जवळ आहे. म्हणजे खरा फोन चालू झाला की काच काळी, आणि कानापासून दूर नेली तरी काळीच. फोन बंद करायचं लाल बटण त्या काळोखात कुठं तरी असायचं, पण दिसायचं नाही. आबांना याचा पत्ता नव्हता, कारण खरे फोन ते करतच कुठं होते?

दोन दिवसांनी सकाळी अंजना बैठकीत आली. या वेळी एकटी नव्हती. वस्तीतल्या बायनाबाई, गीताबाई आणि आणखी दोघी तिच्या मागं होत्या. बायकांनी चहा घेतला नाही. अंजनानं सांगितलं की मेलेली मेंढरं आता अकरा झाली. मग तिनं कमरेची पिशवी सोडून एक चिठ्ठी काढली आणि आबांसमोर ठेवली. दवाखान्याच्या पाटीवरचा नंबर तिच्या मुलीनं, ऋतुजानं, उतरवून दिला होता.

"ह्यो लावा, आबा. तुमी फोन करू नका म्हनालता म्हनून मी केला न्हाई. मी केला असता तर कदाचित नऊ जगली असती."

ती ओरडली नाही. पण एवढ्या वर्षांत त्या बैठकीत एवढं साधं वाक्य कुणी बोललं नव्हतं. आबांनी चिठ्ठी उचलली. इथं रेंज नाही, असं सांगून ते उठले आणि मागच्या माजघरात गेले. तिथं वनमालाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि परत सुपाकडं बघितलं.

आबांनी एक एक आकडा दाबला. किती वर्षांनी त्यांच्या कानात पलीकडची रिंग वाजत होती. दुसऱ्या रिंगला कुणीतरी उचलला. बाईचा आवाज होता, जनावरांच्या डॉक्टरबाईंचा.

आबांचा बैठकीतला आवाज माजघरात कुठं गेला कोण जाणे. ते पुटपुटत म्हणाले की मॅडम, नमस्कार, सुंदरराव बोलतोय, खडकदरा. पलीकडून विचारणा झाली, कोण सुंदरराव? माजी उपसभापती, आबा म्हणाले. कशाचे? पंचायत समितीचे. कधी? आबांनी साल सांगितलं. मग डॉक्टरबाईंनी विचारलं की काम काय आहे. आबांनी दवाखान्याचं आणि मेंढरांचं सांगितलं. त्या म्हणाल्या की तिथली जागा रिकामी आहे, तिचा भार माझ्याकडं आहे, शिवाय आणखी दोन दवाखान्यांचा. पण मी भार घेतल्यापासून तीन महिन्यांत तुमच्या गावातून एकही फोन आलेला नाही. पाटीवर नंबर त्यासाठीच लावला होता. आबा म्हणाले, "चुकलंच मॅडम. तेवढं बघा, मेहेरबानी व्हईल." त्या म्हणाल्या की कुठली वस्ती, किती जनावरं, लक्षणं काय, हे ज्याची मेंढरं आहेत त्याला बोलायला द्या.

आबांना ते ऐकूच आलं नाही. त्यांनी फोन कानापासून काढला होता. काच काळी होती. फोन संपला, असं समजून त्यांनी तो छातीच्या खिशात टाकला.

माजघरातून बैठकीत यायला सात पावलं लागतात. त्या सात पावलांत आबांची पाठ सरळ झाली, मान वर गेली आणि आवाज जागेवर आला. पाच बायका आणि तोवर येऊन बसलेले नाथा वगैरे चार-पाच पुरुष त्यांच्याकडं बघत होते. गादीवर बसता बसता आबांनी सुरुवात केली की चांगली झापली बाईला. म्हणलं, बाई, पगार घेता तो कशाचा? उद्या दवाखाना उघडला नाही तर ते कुलूप तुमच्या गळ्यात अडकवीन आणि तालुक्यातून मिरवत नेईन. रडायला लागली बिचारी. मेहेरबानी करा, सुंदरराव, म्हणाली, चुकलंच माझं.

अंजना मान तिरकी करून ऐकत होती, पण आबांकडं नाही.

"आबा," ती म्हणाली, "तुमच्या खिशात कुनीतरी बोलतंय."

सगळ्यांनी कान दिले. आबांच्या काळजाच्या जागेवरून बारीक आवाज येत होता, "हॅलो, सुंदरराव, हॅलो." आबांनी फोन बाहेर काढला. काच अजून काळी होती. त्यांनी ती दाबली, चोळली, शर्टाला पुसली. आवाज तेवढा येत राहिला. मी सगळं ऐकलंय, तो आवाज म्हणत होता, आता ज्यांची मेंढरं आहेत त्यांना द्या.

अंजनानं हात पुढं केला. आबांनी फोन दिला.

ती उठून उभी राहिली नाही, पाठ ताठ केली नाही. पदर कानामागं सारून बसल्या जागी बोलली. "बाई, मी अंजना. मेंढरं आमची. अकरा मेली, तीस-पस्तीस आजारी हायेत. तोंडात फोड हायेत, डोळे चिकटतेत." मग ती थांबली. बराच वेळ ऐकत राहिली. पलीकडून काहीतरी विचारलं, तर तिनं बोटं मोजली, बायनाबाईला विचारलं की गाभण किती असतील, आणि सांगितलं. पुन्हा थांबली. मधेच "ते न्हाई म्हाईत, ह्यांना इचारून सांगते" म्हणाली.

आबा ऐकत होते. इतकी वर्षं ते फोनवर थांबत आले होते, पण त्यांचं थांबणं सारखं असायचं, दोन श्वासांएवढं. अंजनाचं थांबणं कधी क्षणाचं होतं, कधी चांगलं मिनिटाचं, आणि ती थांबली की तिचा चेहरा बदलायचा. हे असं करायला हवं होतं, असा एक विचार त्यांच्या मनात आला आणि त्याची त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता गाडी आली. डॉक्टरबाई पस्तिशीच्या, पायात बूट, हातात लसीचा थंड डबा. त्यांनी आजारी मेंढरं वेगळी काढायला लावली आणि बाकीच्या कळपाला लस टोचायला घेतली. आबा जाणार नव्हते. वनमालाबाईंनी त्यांचा फेटा काढून हातात दिला आणि म्हणाल्या, जा, एकेक मेंढरू धरायला माणूस लागतो. आबा गेले. उन्हात उभे राहिले. डॉक्टरबाईंनी त्यांना बघून विचारलं, "कुलूप अडकवणार होतात ते तुम्हीच ना?" आबांनी मान हलवली. त्या हसल्या आणि म्हणाल्या की आधी ही मेंढी धरा. आबांनी मेंढी धरली. पुढचे तीन तास ते मेंढ्या धरत होते, त्यांच्या धोतरावर लेंड्यांचे आणि चिखलाचे डाग पडले, आणि त्या तीन तासांत त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. आजारी पस्तिसातली आणखी सहा गेली. बाकीचा कळप वाचला. आसाराम मेंढरं घेऊन पुन्हा डोंगरात गेला.

आठवड्यानं फाट्यावर फ्लेक्स लागला. 'माजी उपसभापती मा. सुंदररावजी यांच्या अथक प्रयत्नांना यश.' खाली मेंढीचा फोटो होता. तो आबांनी लावायला सांगितला नव्हता, त्यांच्या दोघा कार्यकर्त्यांनी हौसेनं लावला होता. आबांनी तो बघितला आणि काढायलाही सांगितलं नाही. एवढ्या वर्षांची सवय एका आठवड्यात कशी जाईल?

बैठकीत दोन आठवडे कुणी आलं नाही. आबा आठ ते अकरा गादीवर बसून राहायचे. वनमालाबाईंनी स्वतः बीडला जाऊन ती काळ्या पट्टीची काच काढून आणली होती. पंधराव्या दिवशी नाथा आला. सातबारा घेऊन आला होता, कित्येक वर्षांपूर्वीचाच तो. आबांनी सवयीनं फोन उचलला आणि कानाकडं नेला.

नाथानं घसा साफ केला. "आबा, स्पीकरवर ठेवता का?"

आबांनी त्याच्याकडं बघितलं. मग फोन खाली गादीवर ठेवला, स्पीकरचं बटण शोधून दाबलं आणि तलाठी कार्यालयाचा नंबर लावला. कुणीतरी कारकुनानं उचलला. आबांनी नाव सांगितलं. कोण सुंदरराव, तो म्हणाला, आणि हे सगळं नाथानं ऐकलं. आबांचा चेहरा लाल झाला, पण ते थांबले नाहीत. ते म्हणाले, "खडकदऱ्याचा हाय. ह्या मानसाच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव हाय. काय करावं लागंल?" कारकून जांभई देत म्हणाला की अर्ज करावा लागतो, जुन्या फेरफाराचा उतारा जोडा, आधारची प्रत जोडा, मंगळवारी साहेब असतात, त्या दिवशी या.

"बस, एवढंच?" नाथानं फोनकडं वाकून विचारलं.

"एवढंच," फोन म्हणाला.

नाथानं आबांकडं कागद-पेन मागितलं आणि काय काय जोडायचं ते लिहून घ्यायला लागला. आबा कारकुनाला एकेक गोष्ट पुन्हा विचारत होते, आणि तो वैतागून पुन्हा सांगत होता.